ढोलकी कोणाच्या मांडीवर?

मागच्या वर्षी ८ मार्चला चोरखमाऱ्यात आमचा महिला मेळावा होता. तलावाच्या पाळीखाली मंडप टाकला होता. आजूबाजूच्या सहा-सात गावांतून बाया आल्या होत्या. मोहफुलं पडायला नुकतीच सुरुवात झालेली, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून वस्ती, त्यामुळे पहाटे वाघाची भीती. तरी मोह वेचून, घरचा स्वयंपाक उरकून, कोणी पायी तर कोणी मिळेल त्या गाडीनं, बाया येत होत्या. सुरुवात गाण्यांनी करायची ठरलं होतं. दारूवरची दोन गाणी आमच्या गटातल्या बायांनीच रचलेली. महिनाभर तालीम झालेली. सगळं तयार होतं, फक्त ढोलकीवाले भाऊ आले नव्हते.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. फोन बंद. शेवटी पुतण्याकडून निरोप आला, "काकाची तब्येत बरी नाई." तब्येतीला काय झालं होतं ते मंडपातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. ज्याच्या दारूच्या धंद्यावर ती गाणी होती, तो या भाऊंचा सोयरा. भाऊंनी कोणाशी वाकडेपणा घेतला नाही. ते फक्त आले नाहीत. आणि त्यांच्या न येण्यानं महिनाभराची आमची तयारी आडवी झाली.

मग एका मावशीनं ताटली आणि चमचा घेतला. दुसरीनं पाण्याची रिकामी कॅन पालथी घातली. गाणं झालं. पण खरं सांगायचं तर ते पडलं. दुसऱ्या कडव्यात लय धावायला लागली, मागच्या बाया मागेच राहिल्या, आणि ज्या ओळीला सगळ्यांनी मिळून आवाज चढवायचा होता ती ओळ कोणाला धड ऐकूही आली नाही. मंडपाबाहेर उभी असलेली पोरं हसली.

आठ दिवसांनी गटाची बैठक झाली. मी हिशेबाची वही काढली. चार वर्षांत सतरा कार्यक्रम, प्रत्येक वेळी ढोलकीचे पाचशे रुपये. म्हणजे साडेआठ हजार रुपये आपण दिलेत. बायांच्या घामाच्या बचतीतून! आणि तरीही ऐन वेळी ढोलकी कोणाच्या हातात होती? मी विचारलं, आपल्यातली एकही बाई ढोलकी का वाजवत नाही?

उत्तरं भराभर आली. "मांडीवर घेऊन बसा लागते ना वो ताई, बरं दिसत नाई." "पाळी आली असन तं? भजनात जाते ते, देवाचं काम." "बाईच्या हातानं चामडं सैल होते म्हणतेत." आणि सगळ्यांत शेवटी, दाराशी बसलेली एक तरुण सून म्हणाली, "आमाले कोनं शिकवलंच नाई."

मैत्रिणींनो, मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. बचतगट, ग्रामसभा, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, यांवर मी तासनतास बोलू शकते. पण हा प्रश्न मला अभ्यासक्रमात कोणी विचारला नव्हता, आणि बारा वर्षं या भागात काम करून माझ्याही डोक्यात आला नव्हता. आमच्या गावात बाईला खंजिरी चालते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी विदर्भात घरोघरी पोचली, बायांच्या भजनी मंडळांतही ती दिसते. टाळ चालतो. पेटी तर शिकलेल्या घरची मुलगी वाजवतेच. ढोलकी मात्र नाही. म्हणजे जे हातात धरून कडेला उभं राहता येतं ते बाईचं, आणि ज्याच्यावर सगळ्यांची लय ठरते ते पुरुषाचं. हा काय योगायोग आहे?

आपल्या बायकी गाण्यांकडे पाहा. जात्यावरची ओवी, भुलाबाईची गाणी, फुगडी, झिम्मा. गाण्यांचा एवढा मोठा खजिना दुसऱ्या कोणाकडे नसेल. पण त्यात वाद्य कोणतं? जात्याची घरघर, टिपरी, टाळी, पायाचा ठेका, छातीतला श्वास. बाईच्या गाण्याला ताल आहे, वाद्य नाही. तिचं वाद्य म्हणजे एकतर तिच्या कामाचं साधन, नाहीतर तिचं अंग. आमच्याकडच्या गोंड वस्त्यांत बाया रात्रभर रेला म्हणतात, साखळी धरून नाचतात. ढोल पुरुषांच्या गळ्यात. आणि आमच्या झाडीपट्टीतली खडी गंमत! तिथे तर ढोलकीवाला पुरुष, शाहीर पुरुष आणि लुगडं नेसून नाचणारी "बाई"सुद्धा पुरुषच.

त्याच सुमारास मुंबईहून एक मैत्रीण शिबिरासाठी आली होती. तिला मी ही रडकथा सांगितली. तिनं फोनवर एक गाणं लावलं आणि म्हणाली, "ऐक, मग बोलू." आधी नुसते ढोल. दोन तोंडांचे, एकमेकांशी बोलल्यासारखे, प्रश्न-उत्तर केल्यासारखे. मग कोणीतरी म्हातारा आवाज काढून देवाला हाक मारावी तसं गाणं, आणि पाठीमागून समूहाचं धृपद. आणि मग एकदम पियानो घुसला. गोडगोड नाही. तोडून, ठोकून, मध्येच थांबून. तो पियानोही जणू ढोलच होता.

तो पियानो एका बाईचा होता. मिशेल रोझवुमन. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, ओकलंडला १९५३ साली जन्मलेली. जॅझ संगीतातल्या नव्या, प्रयोगशील, रूढ चौकट मोडणाऱ्या प्रवाहातली पियानोवादक आणि संगीतकार. (आमच्या गटात नाव सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "आडनावातच बाई आहे का वो तिच्या?" आणि सगळ्या हसल्या.) पियानोबरोबर तिनं क्युबाच्या तालवाद्यांचाही अभ्यास केला. १९७८मध्ये ती न्यूयॉर्कला आली आणि १९८३मध्ये तिनं चौदा वादक-गायकांचा एक ताफा उभा केला. नाव ठेवलं "न्यू योर-उबा". न्यूयॉर्क आणि योरुबा ही दोन नावं तिनं एकात गुंफली.

योरुबा कोण? पश्चिम आफ्रिकेतला एक मोठा समाज. त्यातल्या हजारो माणसांना गुलाम करून जहाजांत कोंबून क्युबाच्या उसाच्या मळ्यांवर नेलं. क्युबात गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८६ साली. तोवर आणि त्यानंतरही या माणसांनी आपले देव, ज्यांना ते ओरिचा म्हणतात, ख्रिस्ती संतांच्या तसबिरींमागे लपवून जपले, आणि देवांशी बोलायची भाषा ढोलांत जपली. त्या ढोलांना म्हणतात बाता. दोन तोंडांचे, एक तोंड मोठं, एक लहान, आडवे मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी वाजवायचे. आपला मृदंग ओळखीचा असलेल्या कोणालाही हे ढोल परके वाटणार नाहीत.

ढोलाचं मोल सत्ताधाऱ्यांना आपल्याआधी कळलेलं असतं, हेही इथेच सांगते. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर इंग्रजांनी १८८०च्या दशकात रस्त्यावरच्या ढोलांवर बंदी आणली. कारण ढोल वाजला की माणसं गोळा होतात, आणि माणसं गोळा झाली की मालकाला धडकी भरते. लोकांनी काय केलं? बांबूचे तुकडे कापून जमिनीवर आपटायला सुरुवात केली, आणि पुढे तेलाच्या पिंपांपासून नवंच वाद्य घडवलं. आमच्या मावशीची ताटली आणि पालथी कॅन मला तेव्हा आठवली. फरक एवढाच की त्यांचा ढोल इंग्रजांनी काढून घेतला होता. आमचा कोणी काढून घेतला, ते आम्ही कधी विचारलंच नाही.

आता बाताची खरी गोष्ट ऐका. बाता तीन असतात. सर्वांत लहान ओकोंकोलो, मधला इतोतेले आणि सर्वांत मोठा, जो बाकी दोघांना हाक देतो, वळवतो, थांबवतो, त्याचं नाव इया. इया म्हणजे आई! आणि विधिपूर्वक प्रतिष्ठा केलेल्या त्या आईला हात लावायचा अधिकार बाईला नाही. कारण? जी कारणं सांगितली जातात त्यांत पाळीही आहे.

गटाला मी हे सांगितलं तेव्हा क्षणभर कोणी बोललं नाही. मग दाराशी बसणारी ती सून म्हणाली, "तिकडं बी असंच हाय?" हो बाई, तिकडंही असंच आहे. सातासमुद्रापलीकडे, वेगळा धर्म, वेगळे देव, वेगळा रंग. स्वतः साखळदंड भोगलेली माणसं. आणि ढोलापाशी आल्यावर बाईला सांगायचं तेच: लांब हो.

रोझवुमननं काय केलं? क्युबाचे मोठे बातावादक ओरलांडो रिओस, ज्यांना लोक "पुंतिया" म्हणत, १९८०च्या मोठ्या स्थलांतराच्या काळात न्यूयॉर्कला आले होते. त्यांच्यासारख्या जाणकारांना तिनं बरोबर घेतलं. देवांची मूळ गाणी, मूळ ताल तिनं मोडले नाहीत, पण त्यांच्या भोवती स्वतःचं संगीत लिहिलं. तुताऱ्या, सॅक्सोफोन, पियानो कधी येणार, ढोल कुठे एकटे बोलणार, कुठे गप्प राहणार, हे सारं तिनं ठरवलं. चौदा जणांच्या ताफ्याची ती मालकीण. हे लहान काम नाही. जॅझच्या जगात बाई म्हणजे गाणारी बाई, अशीच समजूत आहे. माईकसमोर उभी राहणारी, पाठीमागे पुरुषांचा ताफा. आवाज बाईचा, बाकी सगळं पुरुषांचं. हे वाक्य मी जॅझबद्दल लिहिते आहे, पण आपल्या चित्रपटसंगीताबद्दल वाचलंत तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही.

आणि याची किंमत पाहा. "न्यू योर-उबा" उभं राहिलं १९८३मध्ये. त्या ताफ्याचं पहिलं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं २०१३मध्ये. तीस वर्षांनी! मधल्या काळात छोट्या संचांच्या तिच्या रेकॉर्ड निघाल्या, नाव झालं, पण जे तिचं सर्वांत मोठं काम ते तीस वर्षं केवळ जिथे कार्यक्रम होईल तिथे ऐकायचं. ताफा मोठा, खर्च मोठा, हे मान्य. पण मोठं काम घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला पैसा किती उशिरा सापडतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आमच्या गटाला शेळीसाठी कर्ज एका महिन्यात मिळतं, धान गिरणीसाठी मागितलं की साहेब विचारतात, "चालवणार कोण, घरचे पुरुष ना?"

तरी माझं या बाईशी एक भांडण आहे, आणि ते मी लपवणार नाही. २०१३च्या त्या ध्वनिमुद्रणात बाता वाजवणारे सगळे पुरुष आहेत. ताफ्याची सूत्रं बाईच्या हातात, पण आई नावाचा ढोल पुरुषाच्याच मांडीवर. माझी मुंबईची मैत्रीण म्हणते, हा परंपरेचा आदर आहे. ज्यांचा वारसा गुलामगिरीतून वाचला त्यांना बाहेरून जाऊन कोणी अक्कल शिकवू नये. मला हे पटतं, आणि पुरतं पटत नाही. मीही चोरखमाऱ्याची नाही, नागपूरहून आलेली आहे. गोंड वस्तीत जाऊन "ढोल बाईला द्या" असं मी म्हणणार नाही, ते म्हणायचा हक्क तिथल्या बाईचा आहे. पण तिथली बाई जेव्हा म्हणते, तेव्हा "परंपरेचा आदर" हे उत्तर तिच्या तोंडावर फेकायचा हक्क मला कोणी दिला?

आणि क्युबातल्या बाईनं म्हटलं आहेच! १९९३ साली हवानामध्ये काही नर्तकींनी "ओबिनी बाता" नावाचा गट काढला. ओबिनी म्हणजे बाई. वर्षानुवर्षं त्या ढोलांवर नाचल्या होत्या, प्रत्येक ताल त्यांच्या पायांत मुरलेला होता. त्यांनी प्रतिष्ठा न केलेले ढोल घेतले, म्हणजे ज्यांवर धर्माचा निर्बंध लागत नाही असे, आणि वाजवायला बसल्या. शिव्या खाल्ल्या, टोमणे खाल्ले, तरी वाजवत राहिल्या. देवघरातली बंदी त्यांनी मोडली नाही, वळसा घालून त्या पुढे गेल्या. मला विचाराल तर हा रस्ता चोरखमाऱ्याला जवळचा आहे. देवळातल्या भजनाचं पुढे पाहू. पण मेळाव्यातल्या ढोलकीला कोणता देव आडवा येतो?

मग बाईला पियानो कसा काय चालला? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. कारण जॅझमध्ये ज्या थोड्या वादक बायांची नावं निघतात त्यांत पियानोवाल्या पुष्कळ. १९२०च्या दशकात किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये लिल हार्डिन होती, आणि नंतर मेरी लू विल्यम्स, जिनं १९४५मध्ये बारा राशींवर संगीतरचना केली. उत्तर साधं आहे. युरोप-अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरात पियानो हा मुलीचा दागिना होता. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, गाल फुगत नाहीत, तोंड वाकडं होत नाही. बघायला आलेल्यांना दाखवता येतो. आपल्या पेटीसारखंच! "मुलगी पेटी वाजवते" हे वाक्य पोहे घेऊन येणाऱ्या मुलीच्या मागे किती वर्षं चिकटलेलं होतं ते आठवा. या बायांनी तो दागिना घेतला आणि त्याचं हत्यार केलं. रोझवुमन पियानो ढोलासारखा वाजवते तो उगीच नाही.

हे सगळं परदेशचं झालं, आपला काय संबंध, असं कोणी म्हणेल म्हणून सांगते. मुंबईत १९३०च्या दशकातच जॅझ पोचला होता. ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड हा काळा अमेरिकन पियानोवादक वाजवत असे. त्या जगातून गोव्याचे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचे चिक चॉकलेट यांनी मिळून क्युबाकडचे ताल, बोंगो आणि माराकास यांसह हिंदी गाण्यांत आणले. १९५१च्या "अलबेला"ची गाणी ज्या गावात वरातीत वाजली नाहीत असं गाव दाखवा! त्या मुंबईत गोव्याच्या लुसिला पाचेको पियानोही वाजवत आणि सॅक्सोफोनही. पुरुषांनी भरलेल्या ध्वनिमुद्रण-कक्षात बोटांवर मोजण्याएवढ्या बायांपैकी एक. त्यांनी वाजवलेलं तुम्ही-मी ऐकलं आहे, पण कोणतं ते सांगता येणार नाही, कारण त्या काळी वाद्यवृंदातल्यांची नावं तबकडीवर येतच नव्हती. गायिकेचं नाव येई. तबल्यावर पाहायचं तर मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री २०१२मध्ये वारल्या. एकल तबलावादन करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. तेव्हा "बायांना जमत नाही" हे तरी कोणी बोलू नये. पुण्यात गणपतीत ढोल बांधून चालणाऱ्या शेकडो मुली आता दिसतात, त्याचा मला आनंद आहे. पण पुण्याची मुलगी कौतुकाचा विषय होते आणि आमच्या गावची सून चर्चेचा.

आता घरातलं भांडण. एका स्नेही संघटनेतल्या ज्येष्ठ कार्यकर्तीला मी हे बोलले. त्या म्हणाल्या, "अगं, बाया मार खातायत, तेंदूपत्त्याचे पैसे अडकलेत, आणि तुझं ढोलकीचं काय काढलंस?" त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ताई, मग आपण प्रत्येक मोर्चात, प्रत्येक शिबिरात गाणी कशाला म्हणतो? गाण्याशिवाय आपली एक सभा सुरू होत नाही. स्त्रीमुक्तीची गाणी आपण म्हणायची, आणि डफ धरणारा मात्र कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी भाऊ, किंवा मित्रसंघटनेतला साथी. तो चांगला असतो, मी नाकारत नाही. पण तो थांबला की आपण थांबतो, तो लय वाढवेल तशी आपण घोषणा वाढवतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या चळवळीत ढोलकी शिकवण्याचं एक शिबिर आपण का घेतलं नाही? पथनाट्य शिकवलं, सायकल शिकवली, हातपंप दुरुस्ती शिकवली. ढोलकी राहिली, कारण ती आपल्यालाही पुरुषाचीच वाटत होती.

दुसरा आक्षेप मात्र मला गप्प करून गेला. आमच्या गटातल्या एक बौद्ध मावशी, गटाचा हिशेब त्याच पाहतात, त्या म्हणाल्या, "ताई, माझ्या आज्यानं छप्पनच्या नंतर डफडं खाली ठेवलं ते कायमचं. मानाचं काम नोतं ते. बोलावलं की जा लागे, मयतीत बी, लग्नात बी, अन् शिळं घेऊन या लागे. तुमी आता म्हनता उचला." मी काय बोलणार होते? वाद्य हा माझ्या डोक्यात फक्त हक्क होता. तो कोणाच्या तरी डोक्यावर बिगारी म्हणून लादलेला होता, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण बैठकीत विसरले. चामड्याला विटाळ बाईच्या पाळीचा आणि चामड्यामुळे विटाळ माणसाच्या जातीचा, दोन्ही एकाच घरचे. मावशींनी विरोध मागे घेतला नाही. पण दोन अटी घालून त्या म्हणाल्या, घ्यायची तर घ्या: वाजवायला बोलावणं आलं तर पैसे आधी ठरवून जायचं, आणि कोणाच्या दारात हुकुमानं वाजवायचं नाही. त्या अटी ठरावाच्या वहीत लिहिल्या आहेत.

बारा जणींपैकी आठजणींनी होकार दिला, तिघींनी नकार, एक आली नाही. बेचाळीसशे रुपयांची नट-बोल्टची ढोलकी घेतली, पिशवीसकट. ती पहिल्या दिवशी घरी आणणाऱ्या बाईच्या सासूनं ती कोठ्यात ठेवायला लावली. गोठ्याशेजारच्या त्याच कोठ्यात आता तालीम होते. एक तरुण मुलगा शिकवायला तयार झाला, तीन आठवडे आला, मग त्याच्या दोस्तांनी "बायांचा मास्तर" म्हणून इतकं पिडलं की तो यायचा थांबला. पुरुषांनी बनवलेले नियम पुरुषालाही सोडत नाहीत ते असे. त्यानंतर फोनवरचे व्हिडिओ पाहून काम चाललं आहे. चौघी शिकतात. दाराशी बसणारी ती सून सगळ्यांत पुढे आहे. तिचा उजवा हात चांगला बसला आहे, डावा अजून गाण्यामागून धावतो. संध्याकाळी फार वेळ बसता येत नाही, जंगलाकडच्या रस्त्यानं अंधाराच्या आत घरी जावं लागतं. तिचा नवरा अजून काही बोललेला नाही. "बोलले नाई म्हंजे राजी आहेत असं नाई," ती म्हणते.

या वर्षीच्या ८ मार्चला आम्ही एकच गाणं आमच्या ढोलकीवर म्हटलं, तेच दारूवरचं. बाकीची टाळ्यांवर. ढोलकीवाले भाऊ मंडपाच्या कडेला येऊन उभे होते. गाणं संपल्यावर जवळ आले आणि सुनेला म्हणाले, "डाव्या बाजूचा सूर उतरला आहे, कसून घे." हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते आहे. मात्र कसायचं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा या अंकाच्या वाचक मैत्रिणींना आणि गटांना माझं सांगणं असं. ढोलकी येणारी बाई तुमच्या भागात असेल, भजनी मंडळातली असो, तमाशाच्या फडातली असो, कव्वाली पार्टीतली असो की ढोलताशा पथकातली, तर त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवा. तेंदूपत्ता संपला की जूनचे पहिले आठ-दहा दिवस आमच्या बाया जरा मोकळ्या असतात. एकदा पऱ्हे टाकले आणि रोवणा लागला की कोणी सापडणार नाही. येण्याजाण्याचं भाडं, राहणं-जेवण आणि दिवसाला पाचशे रुपये देऊ, भाऊंना देत होतो तेवढेच. ढोलकी कसायची किल्ली आमच्याकडे आहे, ती वापरता येत नाही. पहिल्या दिवशी तेवढं शिकवावं लागेल.